दृष्टीआड सृष्टी: हमरस्त्यालगतच्या भंगाराचा कायदा

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनहून ऑल्बनीच्या दिशेने जाणाऱ्या इंटरस्टेट ८८ या हमरस्त्यावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. रस्ता बराच काळ सस्क्वेहॅना नदीच्या खोऱ्यातून जातो, आणि मे ते ऑक्टोबर या महिन्यांत दोन्ही बाजूंना मेपल आणि ओकची इतकी दाट झाडी असते की तिच्यामागे काय आहे हा प्रश्न मनात येत नाही. नोव्हेंबर लागला की पाने झडतात, आणि एका वळणावर, उताराच्या पायथ्याशी, शे-दोनशे मोटारी एकदम नजरेस पडतात. काहींची दारे काढून घेतलेली, काहींची बॉनेट उघडी, काही एकावर एक तिहेरी रचलेल्या. सकाळचे तिरपे ऊन पडले की त्यांच्या उरल्यासुरल्या काचा झाडांच्या काटक्यांमधून चमकतात. पहिल्या वर्षी मला वाटले होते की हा पसारा नवीनच उभा राहिला असावा. तो बहुधा माझ्या जन्माआधीपासून तिथे असावा, एवढेच की उन्हाळाभर झाडांनी त्याला झाकून ठेवले होते.

या दृश्याला कायद्याची परवानगी आहे का, असा साधा प्रश्न मला पडला आणि त्याच्या मागे मी बरेच महिने घालवले. अमेरिकेत हमरस्त्याशेजारच्या जंकयार्डचे, म्हणजे भंगार आणि मोडक्या मोटारी साठवण्याच्या जागांचे, नियमन मुख्यतः राज्यांचे कायदे करतात; पण ते कायदे आज ज्या स्वरूपात आहेत त्याचे मूळ वॉशिंग्टनमध्ये आहे. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हायवे ब्युटिफिकेशन ॲक्टवर, म्हणजे हमरस्ते सुशोभीकरणाच्या कायद्यावर, सही केली. या कायद्यामागे त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांचा आग्रह होता, हे सर्वांना ठाऊक होते. इतके, की कॅन्सासचे तेव्हाचे प्रतिनिधी बॉब डोल यांनी विधेयकात जिथे जिथे वाणिज्यमंत्र्यांचा उल्लेख आहे तिथे लेडी बर्ड यांचे नाव घालावे अशी दुरुस्ती टोमणा म्हणून सुचवली होती. जाहिरातींच्या फलकांवरून झालेला वाद गाजला आणि आजही लोकांना हा कायदा फलकांचा कायदा म्हणूनच आठवतो. जंकयार्डचे कलम मात्र त्यात तितक्याच ठळकपणे होते, आणि त्याची गरज का भासली हे समजून घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्या पिढीतल्या मोटारी मोडीत निघू लागल्या. नेमक्या त्याच सुमारास पोलादाचे कारखाने जुन्या पद्धतीच्या भट्ट्या सोडून ऑक्सिजनवर चालणाऱ्या नव्या भट्ट्यांकडे वळत होते, आणि या नव्या भट्ट्यांना भंगार लोखंड कमी लागत असे. मागणी घटली तसा भंगाराचा भाव पडला. जुनी गाडी ओढून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्चही निघेना, म्हणून ती जिथे होती तिथेच राहू लागली, आणि जागा स्वस्त व गिऱ्हाईक येते-जाते असे ठिकाण म्हणजे गावाबाहेरचा हमरस्ता. पुढे अख्खी गाडी चिरडून तिचे तुकडे करणारी श्रेडर यंत्रे सर्वत्र पोहोचली, विजेच्या भट्ट्या वाढल्या, आणि भंगाराला पुन्हा किंमत आली. पण १९६५ मध्ये देशभर नवे इंटरस्टेट रस्ते बांधले जात असताना प्रवाशांच्या डोळ्यांसमोर येत होत्या त्या गंजणाऱ्या मोटारींच्या रांगा.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, उपाय केला तो असा. इंटरस्टेट आणि प्राथमिक हमरस्त्याच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३०५ मीटरच्या आत असलेले आणि वाहतुकीच्या मुख्य मार्गावरून दिसणारे जंकयार्ड एकतर आडोशाने झाकले पाहिजे किंवा तिथून हलवले पाहिजे. आडोसा नैसर्गिक असो, झाडे लावून केलेला असो, की कुंपणाचा असो. औद्योगिक पट्ट्यातील जंकयार्डना या नियमातून सूट आहे. जमिनीच्या वापराचे नियम करणे हा राज्यांचा अधिकार असल्याने केंद्राने थेट हुकूम काढला नाही; जे राज्य १ जानेवारी १९६८ पासून परिणामकारक नियंत्रण ठेवणार नाही त्याला केंद्राकडून मिळणाऱ्या हमरस्ते-निधीतून १० टक्के रक्कम कापली जाईल, एवढेच कायद्यात लिहिले. नवे रस्ते बांधण्यासाठी प्रत्येक राज्याला त्या निधीची निकड होती. एकामागून एक विधिमंडळांनी आपापले जंकयार्ड-कायदे केले किंवा आधीच्या कायद्यांना नवी कलमे जोडली. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९६६ चा आहे, नॉर्थ कॅरोलायनाचा १९६७ चा.

जे व्यवसाय आधीपासून कायदेशीरपणे चालू होते त्यांच्याबाबत केंद्राचा कायदा न्यायाने वागला असे माझे मत आहे. झाकणे शक्य नसलेले जंकयार्ड हलवायचे झाल्यास मालकाला न्याय्य भरपाई द्यावी आणि तिचा ७५ टक्के भाग केंद्राने उचलावा, अशी तरतूद होती. एखाद्याने रस्ता येण्यापूर्वी वीस वर्षे तिथे धंदा केला असेल, तर रस्ताच त्याच्या दारात आला आहे. शिक्षा त्याला का? पुढे या कामासाठीचा पैसा आटत गेला आणि हलवण्यापेक्षा झाकण्यावरच भर राहिला, ही त्याची दुसरी बाजू.

जंकयार्ड कशाला म्हणायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कायद्यातल्या व्याख्येत जुने तांबे, पितळ, दोरखंड, चिंध्या, बॅटऱ्या, कागद, रबर, लोखंड आणि मोडक्या मोटारी अशी लांबलचक यादी येते. वाचताना मला आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी ऐकू आल्यासारखे वाटले. मोडक्या मोटारींच्या जागेला कायद्याने वेगळा शब्द दिला आहे, ज्याचा सरळ अर्थ मोटारींचे कब्रस्तान असा होतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे दहा किंवा अधिक मोडक्या गाड्या असल्या की ते कब्रस्तान ठरते. व्हरमाँटच्या कायद्यात ही संख्या चार आहे, मेनमध्ये तीन, आणि मी राहते त्या न्यूयॉर्कमध्ये फक्त दोन. नोंदणी नसलेल्या आणि रस्त्यावर कायदेशीरपणे चालवण्याजोग्या न उरलेल्या दोन जुन्या गाड्या अंगणात ठेवल्या, तरी राज्याच्या म्युनिसिपल कायद्याच्या कलम १३६ च्या भाषेत ते जंकयार्ड होऊ शकते.

हा आकडा वाचून मी घराबाहेर पाहिले. रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांच्या कोठाराजवळ एक जुना पिकअप ट्रक उभा आहे, तो चालत नाही. त्याच्याच बनावटीचा दुसरा ट्रक ते रोज वापरतात आणि पहिल्याचे सुटे भाग दुसऱ्याला लावतात. आणखी एक बंद गाडी तिथे येऊन पडली की ते कायद्याच्या कक्षेत येतील. ग्रामीण भागात अशी घरे पावलोपावली आहेत, आणि तिथे बंद गाडी म्हणजे कचरा नसतो, गाठीला बांधलेली चार पैशांची सोय असते. म्हणून न्यूयॉर्कचा आकडा फार कमी आहे असे मला वाटते. व्हरमाँटने छंद म्हणून जुन्या गाड्या जमवणाऱ्यांचा कायद्यात वेगळा विचार केला आहे, आणि 'जंकयार्ड' या शब्दाऐवजी उपयोगी वस्तू वाचवण्याची जागा असा अर्थ असलेला शब्द स्वीकारला आहे. शब्द बदलल्याने गंज थांबत नाही, हे खरे. परंतु तिथे काम करणाऱ्या माणसाकडे गावाने कसे पाहावे यात त्याने फरक पडतो.

न्यूयॉर्कच्या कलम १३६ चे बाकीचे तपशील मात्र मला विचारपूर्वक लिहिलेले वाटतात. ज्या गावाने स्वतःचा वेगळा नियम केलेला नाही तिथे हे कलम लागू होते. जंकयार्ड चालवायचे तर गावाच्या मंडळाकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि जागा योग्य असल्याचा दाखला वेगळा मिळवावा लागतो. अर्ज आल्यापासून दोन आठवड्यांनंतर आणि चार आठवड्यांच्या आत जाहीर सुनावणी घ्यायची, तिची सूचना किमान सात दिवस आधी वर्तमानपत्रात छापायची. अर्जदाराला चोरी किंवा चोरीचा माल घेतल्याबद्दल पूर्वी शिक्षा झाली आहे का, हे तपासायचे. शाळा, रुग्णालय, चर्च, सार्वजनिक इमारत किंवा सभास्थान यांपासून ५०० फुटांच्या आत परवाना देता येत नाही. जागेभोवती किमान आठ फूट उंचीचे, आतले दृश्य झाकणारे कुंपण हवे, ते सार्वजनिक रस्त्यापासून ५० फुटांच्या आत नसावे, त्याला फाटक असावे आणि कामाची वेळ सोडून त्या फाटकाला कुलूप असावे. टेकडी, झाडी किंवा जमिनीचा चढउतार तेच काम करत असेल तर कुंपणाची अट शिथिल करता येते. वर्षाचे शुल्क २५ डॉलर, परवाना १ एप्रिलपर्यंतच. नियम मोडला तर १०० डॉलरपर्यंत दंड, आणि उल्लंघन चालू राहील तो प्रत्येक आठवडा वेगळा गुन्हा.

आठ फुटांचे कुंपण गावातल्या रस्त्याला पुरेसे आहे, कारण तिथे पाहणारा माणूस आणि पाहिली जाणारी वस्तू एकाच पातळीवर असतात. हमरस्ता तसा नसतो. इंटरस्टेट ८८ कित्येक ठिकाणी भरावावरून जातो. चालकाचा डोळा खालच्या जमिनीपासून तीस-चाळीस फूट उंचीवर असतो, आणि तिथून आठ फुटांचे कुंपण ताटाच्या काठासारखे दिसते, आतले सगळे वाढलेले उघडेच. म्हणून इंटरस्टेटसाठीची व्यवस्था उंचीचा आकडा न सांगता परिणाम मागते: रस्त्यावरून दिसता कामा नये. केंद्राच्या नियमात आणखी दोन गोष्टी आहेत ज्यांवर माझे बोट थांबले. आडोसा वर्षभर परिणामकारक असला पाहिजे, आणि तो परिसराशी मिळताजुळता असला पाहिजे. शिवाय एकदा झाकलेल्या जंकयार्डमध्ये गाड्यांची रास इतकी उंच केली की ती आडोशावरून दिसू लागली, तर ते नवे जंकयार्ड उघडल्यासारखे धरले जाते.

'वर्षभर' हा एक शब्द माझ्या नोव्हेंबरच्या प्रश्नाचे उत्तर होता. पानझडीच्या झाडांचा आडोसा हा सहा महिन्यांचा आडोसा. या हवामानात स्प्रूस किंवा पाइनसारखी सदाहरित झाडेच लावायला हवीत, दोन ओळींत, एका ओळीतली फट दुसरीतल्या झाडाने भरेल अशा बेताने.

एखादी वस्तू केवळ कुरूप दिसते म्हणून सरकार ती झाकायला लावू शकते का? आरोग्य, आग, चोरी, उंदीर ही कारणे न्यायालयांना पूर्वीपासून मान्य होती; सौंदर्याबाबत ती बराच काळ साशंक होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात म्हटले की समाज निरोगी असावा तसाच तो सुंदरही असावा असे विधिमंडळ ठरवू शकते. रस्त्यापासून २,००० फुटांच्या आतील मोडक्या गाड्यांच्या जागांवर बंधन घालणारा केंटकीचा कायदा तिथल्या वरिष्ठतम न्यायालयाने १९६४ मध्ये वैध ठरवला, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्याही आधी. न्यूयॉर्कमधला पायाभूत निकाल तर भंगाराचा नाहीच, वाळत घातलेल्या कपड्यांचा आहे. राय शहरातल्या एका दांपत्याने वाढत्या करांचा निषेध म्हणून १९५६ पासून दरवर्षी घरापुढे एक दोरी बांधून तिच्यावर चिंध्या व जुने कपडे टांगायला सुरुवात केली, सहा वर्षांत सहा दोऱ्या झाल्या, आणि शहराने १९६१ मध्ये रस्त्याकडच्या अंगणात दोऱ्या बांधण्यास मनाई केली. राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने १९६३ मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या मला हा निकाल वाचताना अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे. बहुसंख्यांच्या डोळ्याला जे खुपते ते बऱ्याचदा गरिबाच्या गरजेचे असते. तरीही हमरस्ता सर्वांच्या पैशाने बांधलेला असतो आणि त्यावरून लाखो माणसे जातात. त्या दृश्यावर सर्वांचा काही हक्क आहे, हा युक्तिवाद मला पटतो.

मला न पटणारी गोष्ट दुसरी आहे. या सगळ्या व्यवस्थेत मोजमाप होते ते चालकाच्या आसनावरून. आडोसा पूर्ण झाला, रस्त्यावरून काही दिसेनासे झाले, की हमरस्त्याच्या कायद्याचे काम संपते. आपल्याकडे 'दृष्टीआड सृष्टी' म्हणतात ते इथे शब्दशः कायद्याचे कलम झाले आहे. आडोशामागच्या प्रत्येक गाडीत इंजिन ऑइल असते, कूलंट असते, ब्रेकचे तेल असते, बॅटरीत शिसे आणि आम्ल असते, २००० सालाआधीच्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटखालच्या दिव्याच्या बटनात थोडा पारा असतो. गाडी उघड्या मातीवर पडून राहिली तर हे सगळे पावसाबरोबर खाली जाते. आडोशाची झाडे त्याच मातीत मुळे धरतात.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका छोट्या गावात अशा परवान्याची सुनावणी होती. गावाचे नाव मी लिहीत नाही. लाकडी बाकांवर आम्ही जेमतेम दहा-बारा जण होतो. अर्जदार साठीचे गृहस्थ होते, वडिलांपासून हाच धंदा, आणि त्यांनी जागेचा नकाशा स्वतः रंगीत पेन्सिलींनी काढून आणला होता: कुंपण तपकिरी, झाडे हिरवी, रस्ता काळा. मंडळाचे सर्व प्रश्न कुंपणाविषयी होते. मग मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. त्यांचे घर उताराच्या खालच्या बाजूला आहे आणि पिण्याचे पाणी स्वतःच्या विहिरीचे आहे. गाड्यांतले तेल कुठे काढणार, एवढेच त्यांनी विचारले. मंडळातल्या एका सदस्यांनी सांगितले की तो विषय राज्याच्या पर्यावरण खात्याचा आहे, या सुनावणीचा नाही.

ते उत्तर अर्धे बरोबर होते. न्यूयॉर्कच्या पर्यावरण-संरक्षण कायद्यात वाहने सुटी करणाऱ्या जागांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे: गाडीतले द्रव पदार्थ काढून योग्य भांड्यांत साठवले पाहिजेत, बॅटऱ्या, पाऱ्याची बटने आणि वातानुकूलन यंत्रातला वायू वेगळा काढला पाहिजे. ही कामे उघड्या मातीवर करायची नाहीत. काँक्रीट, डांबर किंवा तसेच संरक्षण देणारा पृष्ठभाग हवा. परंतु ज्या कलम १३६ खाली सुनावणी चालू होती, त्यातच लिहिले आहे की वास, धूर 'किंवा अन्य कारणांनी' सार्वजनिक आरोग्यावर परिणाम होणार नाही अशी काळजी त्या जागेत घेता येईल का, याचा मंडळाने विचार करावा. अन्य कारणांत विहिरीचे पाणी येत नसेल तर काय येते? कलमाची छापील प्रत माझ्या पिशवीत होती. मी उठून ते वाक्य वाचून दाखवले. वाचताना आवाज कापत होता, कारण त्या खोलीत मी नवखी होते आणि अर्जदारांच्या पोटावर पाय देण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून जे सांगितले ते मी विसरणार नाही. तेल काढण्यासाठी काँक्रीटचा ओटा त्यांच्या आवारात आहेच, तो त्यांनी स्वतः ओतला आहे. पण कुणीच विचारले नाही म्हणून त्यांनी तो नकाशात दाखवला नव्हता. त्यांनी खिशातून करड्या रंगाची पेन्सिल काढली आणि मंडळासमोरच्या टेबलावर उभ्याउभ्या तो चौकोन काढला.

भारतात हाच विषय उलट्या टोकाने सुरू झाला आहे, म्हणून तो इथे नोंदवते. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून बाबांनी आमच्या प्रीमियर पद्मिनीसाठी दाराची काच आणली होती, तेव्हा तिथल्या गल्लीतली माती तेलाने काळी आणि चिकट झालेली मी पाहिली आहे; चपला घरात नेऊ दिल्या नव्हत्या आईने. २३ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदणीचे आणि कामकाजाचे नियम अधिसूचित केले, आणि त्यांत भर आहे तो गाडीची नोंदणी रद्द कशी व्हावी व तिच्यातले घातक पदार्थ आधी कसे काढावेत यावर. ती रस्त्यावरून दिसते की नाही, हा तिथे मुख्य प्रश्न नाही. अंमलबजावणी किती होते हा भाग वेगळा, पण विचाराची सुरुवात जमिनीपासून झाली आहे, आणि न्यूयॉर्कच्या गावांनी हा क्रम लक्षात घ्यावा असे मला मनापासून वाटते. परवान्याच्या अर्जाबरोबरच्या नकाशात कुंपणाइतकीच तेल काढण्याची जागा, उताराची दिशा आणि जवळच्या विहिरी दाखवणे गावाला सक्तीचे करता येईल. स्वतःचा स्थानिक नियम करण्याची मुभा कलम १३६ ने गावांना ठेवलेली आहेच.

त्या गावाच्या मंडळाने दोन आठवड्यांत निर्णय दिला. परवाना मिळाला, दोन अटींसह: रस्त्याच्या बाजूला स्प्रूसच्या दोन ओळी, आणि काँक्रीटच्या ओट्यावरचे पाणी उताराकडे न जाऊ देणारा कठडा. एप्रिलच्या शेवटी मी तिकडून गेले तेव्हा रोपे लावून झाली होती, कंबरेइतकी उंच, प्रत्येकाला बांबूच्या काठीचा आधार. त्यांच्यामागच्या गाड्या अजून स्पष्ट दिसत होत्या. ओट्याचा कठडा रस्त्यावरून दिसत नाही. तो पाहायला खाली विहिरीच्या बाजूने जावे लागते, आणि त्या बाईंनी मला येऊन पाहून जा म्हणून सांगितले आहे.